हौसाआत्यानं बॉनेट उघडलं

आमची हौसाआत्या कुणाच्याही घरी गेली, की पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधी विचारते, "बंद काय पडलंय का?"

नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरतो. मग ती स्वतःच हुडकायला लागते. भिंतीवरचं घड्याळ काढून कानाशी धरते, मिक्सरचं भांडं हलवून बघते, पंख्याखाली मान वर करून उभी राहते. काहीतरी सापडतंच. "ह्याचा आवाज बरा न्हाय," असं म्हणून ती पिशवीतनं पेचकस काढते, आणि घरातल्या लोकांना कळायच्या आत ती वस्तू सतरंजीवर सुटी होऊन पडलेली असते.

"उघडल्याशिवाय कळत न्हाय." हे तिचं आवडतं वाक्य. कलिंगडापासून टीव्हीपर्यंत सगळ्याला ते लागू.

आता तिनं उघडलेलं सगळंच पुन्हा चालू होतं असं मी म्हणणार नाही. जळोचीत आमच्या घरी एक घड्याळ आहे. ते तिनं उघडलं, साफ केलं, लावलं. तेव्हापासून ते फक्त उताणं ठेवलं तरच चालतं. भिंतीला टांगलं की थांबतं. त्यामुळे आम्ही ते कपाटावर आडवं ठेवलंय आणि वेळ बघायला बायको स्टुलावर चढते. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "चालतंय न्हवं? मग झालं." प्रत्येक दुरुस्तीनंतर तिच्याकडे दोन-चार स्क्रू उरतात. ते कंपनीवाले जादा घालतात अशी तिची ठाम समजूत आहे.

सतीश, म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा, माझा आतेभाऊ. त्याच्यासाठी मुलगी बघायला आम्ही गेलो होतो. पोहे झाले, चहा आला, आणि आत्याच दिसेना. ती स्वयंपाकघरात सापडली. फरशीवर बसून त्यांचा मिक्सर उघडत होती आणि ज्या मुलीला बघायला गेलो होतो ती शेजारी बसून टॉर्च धरत होती. बाहेर येऊन आत्यानं सगळ्यांसमोर निकाल दिला, "पोरगी पसंत हाय. उजेड कुठं मारायचा त्ये तिला न सांगता कळतं." तीच मुलगी आज तिची सून आहे. तो मिक्सर मात्र गेला तो गेलाच.

आत्या राहते पणदऱ्याला. तिचे यजमान, आमचे मामा, साखर कारखान्यात नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी डिझेल गाडी घेतली. मामा गेले तेव्हा गाडी विकायची हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. आत्यानं तेरावं होऊ दिलं आणि बारामतीत जाऊन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. साठी कधीच उलटलेली, नऊवारी नेसलेली. शिकवणारा म्हणाला, "आजी, आधी क्लच दाबा." आत्या म्हणाली, "आधी झाकण उघडा. आत काय हाय त्ये बघितल्याबिगर मी बसत न्हाय." त्यानं बॉनेट उघडलं. आत्यानं कमरेवर हात ठेवून आतल्या पसाऱ्याकडे बराच वेळ बघितलं, मान डोलवली आणि म्हणाली, "बरं. चला." तिला काय समजलं ते त्यालाही कळलं नाही, पण ती पहिल्या परीक्षेत पास झाली.

एक गोष्ट मात्र खरी. जगातलं सगळं उघडणाऱ्या ह्या बाईनं त्या गाडीला कधी पेचकस लावला नव्हता. मी एकदा कारण विचारलं होतं. म्हणाली, "घड्याळ आडवं चालतंय बाळा. गाडी आडवी चालत न्हाय."

सतीशचं म्हणणं होतं, आईनं आता पुण्याला यावं. ती एकदा गेलीही होती. चारच दिवसांत तिनं सोसायटीचा इंटरकॉम उघडला. त्यानंतर कुणीही कुणालाही फोन लावला तरी तो वॉचमनच्या केबिनमध्ये वाजायचा. सेक्रेटरी येऊन फार नम्रपणे बोलून गेले. आत्या पणदऱ्याला परतली आणि म्हणाली, "तितं माझ्याजोगं काय न्हाय."

तर ही गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. कारखान्याचा हंगाम जोरात होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एका दुपारी आत्याचा फोन आला. आवाज असा की मी खुर्ची ओढून खाली बसलो.

"बाळा, आज लय वाईट झालं."

"काय झालं, आत्या?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "उसाच्या ट्रॅक्टरनं मला ओव्हरटेक केलं."

दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे असलेला ट्रॅक्टर. वर गाणी लावलेली. चढावर तिची गाडी ओढेना. पाय पार खाली दाबला तरी गाडी नुसतीच हुंकारत होती, मागनं काळा धूर. तेवढ्यात ट्रॅक्टर शेजारी आला, सावकाश पुढे गेला, आणि उसाच्या शेंड्याचं वाढं तिच्या काचेवरनं घासत गेलं. "आन त्यानं मागं वळून मला हात केला," आत्या म्हणाली. हे तिला सगळ्यात जास्त लागलं होतं.

गाडी तिनं घरी आणून लावली आणि चालवायची बंद केली. गॅरेजवाल्यानं येऊन ऐकून घेतलं. म्हणाला, डिझेलचं काम असू शकतं, आणखी काही असू शकतं, हंगामात हातात कामं फार आहेत, पंधरवड्यानं गाडी आणून सोडा. हे सतीशच्या कानावर गेलं आणि त्यानं ठरवूनच टाकलं. गाडी म्हातारी, चालवणारी म्हातारी, रस्त्यावर ही ट्रॉल्यांची गर्दी. त्याचं काही चुकत होतं असं नाही. पुण्यात रात्रीबेरात्री फोन वाजला की तो आधी आईचं नाव आहे का ते बघतो, हे मला माहीत होतं. त्यानं गिऱ्हाईकही शोधलं. निमगाव केतकीचे हणमंतराव, डाळिंबाचे बागायतदार. जास्त ओढत नाही हे त्यांना सांगितलेलं होतं, तरी त्यांना गाडी हवी होती. रविवारी ते एसटीनं येणार आणि गाडी घेऊनच परत जाणार.

सतीशनं मला फोन केला. "दादा, तू ये. आई तुझं ऐकते."

आत्या कुणाचंच ऐकत नाही, पण मी गेलो.

सकाळी मी पणदऱ्यात पोचलो तेव्हा अंगणात बॉनेट उघडं होतं आणि आत्या कमरेपर्यंत आत गेली होती. मडगार्डवर पोतं अंथरलेलं. सतीश गाडीचे कागद हातात घेऊन शेजारी उभा.

"आई, अगं गाडी विकायचीय आज."

आतून आवाज आला, "ईक की. पण आजारी जनावर बाजारात न्हेऊ ने. आधी बघू आत काय हाय."

"तुला कळतंय का त्यातलं?"

"म्हणून तर उघडलंय."

तिनं आदल्या दिवशी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. त्यातला माणूस घरच्या घरी एअर फिल्टर बदलत होता. इंजिनात जाणारी हवा ज्याच्यातनं गाळून जाते तो कागदी घड्यांचा फिल्टर. तो धुळीनं बुजला की गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते, असं तो सांगत होता. अडचण एवढीच, की त्याच्या गाडीत फिल्टरची पेटी उजवीकडे होती आणि आत्याच्या गाडीत डावीकडे. म्हणून आत्यानं तो व्हिडिओ आरशात बघितला. कपाटाच्या आरशासमोर मोबाईल धरून, सबंध. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी हसलो नाही, कारण ती हसत नव्हती.

जाड रबरी नळी जिथनं निघाली होती तिथं एक काळी प्लास्टिकची पेटी होती. आत्यानं पेटीचे चाप एकेक करून उचलले. शेवटचा चाप निघेना. तिनं त्याला पेचकसानं हळूच उचकटलं आणि झाकण वर केलं.

आम्ही तिघंही आत वाकलो.

फिल्टर दिसतच नव्हता. वर धुळीचा थर, त्यात पाचटाचा भुसा, कारखान्याच्या धुराड्यातनं उडालेली चिपाडाची काजळी, शेंगांची टरफलं, आणि एका कोपऱ्यात चिंध्यांचा मऊ गोळा. उंदरानं घर केलं होतं. उंदीर नव्हता, संसार होता. आत्यानं तो गोळा चिमटीत धरून उजेडात बघितला.

"हे माझं झंपर हाय," ती म्हणाली. "दिवाळीपासनं हुडकतीय मी."

सतीशला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "बरं, सापडलं ना? आता बंद कर. हणमंतराव निघालेत तिकडनं."

"येऊ दे. च्या कर त्यांना." आत्यानं तो काळाठिक्कर फिल्टर पेटीतनं काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि माझ्याकडे वळली. "गाडी काढ तुझी."

माझी गाडी म्हणजे स्कूटर. आत्या मागे बसली, फिल्टर मांडीवर. बारामतीपर्यंत ती माझ्या स्कूटरचा आवाज ऐकत होती आणि मला भीती वाटत होती. रविवार असल्यानं स्पेअर पार्टची दुकानं बंद. एसटी स्टँडच्या पलीकडं एक अर्धं शटर उघडं दिसलं. दुकानदारानं गाडीचं मॉडेल विचारलं, कुठल्या सालची ते विचारलं. आत्यानं पिशवीतनं फिल्टर काढून काउंटरवर ठेवला.

"ह्याच्यासारखा दे."

त्यानं तो एका बोटानं फिरवून बघितला. "आजी, हा फिल्टर हाय का पेंड?"

"म्हशीला घालून बघ," आत्या म्हणाली. "पर आधी नवा दे."

आतल्या फळीवर शोधून त्यानं एक खोका आणला. आत्यानं तो तिथंच उघडला. नवा फिल्टर जुन्यावर ठेवला, लांबी बघितली, रुंदी बघितली, कडेचं रबर बोटानं दाबून बघितलं. पांढऱ्याशुभ्र घड्या होत्या. तिनं तो नाकाशी धरला आणि मला म्हणाली, "कोऱ्या पुस्तकावानी वास येतोय."

"बसवायला गॅरेज सांगू का?" दुकानदारानं विचारलं.

"बसवायला मी हाय की."

आम्ही परत आलो तेव्हा हणमंतराव ओट्यावर बसून चहा पीत होते. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, शांत माणूस. गाडी बॉनेट वर करून उभी आणि जिच्याकडून घ्यायची ती बाई स्कूटरवरून खोका घेऊन येतेय, हे बघून ते उठले नाहीत, पण कप खाली ठेवला.

"रामराम, आक्का. काय चाललंय?"

"रामराम. फिल्टर बदलतीय. बसा तुमी."

ते बसले नाहीत. पाच मिनिटांत ते मडगार्डशी येऊन उभे होते आणि आत्यानं पेटीचं झाकण त्यांच्या हातात दिलं होतं.

आत्या सावकाश काम करत होती. एरवी ती भराभर उघडते आणि मग आठवत बसते, पण आज तिचे हात जपून चालले होते. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात तिनं फडकं कोंबलं, आत कचरा जाऊ नये म्हणून. पेटी आधी कोरडी झाडली, मग ओल्या कापडानं पुसली, कोपऱ्यातनं बोट फिरवलं. नवा फिल्टर ठेवला आणि झाकण मागितलं. झाकण बसेना. एक बाजू बसली की दुसरी वर यायची. सतीश म्हणाला, "चुकीचा आणलाय." आत्यानं त्याच्याकडे बघितलंही नाही. फिल्टर काढला, उलटा केला, रबराची कड खाचेत बसवली. झाकण ठेवलं आणि चाप एकामागून एक टकटक बसले. हणमंतरावांनी शेवटचा चाप स्वतः दाबला.

पेचकस पिशवीत गेला. आणि पहिल्यांदाच, हे मी नीट बघितलं, पोत्यावर एकही स्क्रू उरला नव्हता.

आत्या गाडीत बसली. किल्ली फिरवली. गाडी चालू झाली, खोकली, हादरली आणि बंद पडली. पुन्हा फिरवली. खोकली, बंद. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

आत्या दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली. मी तिला आजवर अनेक वस्तूंसमोर हरलेलं बघितलं होतं, पण तेव्हा ती नेहमी काहीतरी बोलायची, कंपनीला नावं ठेवायची. आज बोलली नाही. पदरानं तोंड पुसलं फक्त.

सतीश खिडकीशी वाकला. "आई, राहू दे आता. झालं तेवढं पुष्कळ झालं. उतर." त्याचा आवाज मऊ होता, आणि त्यामुळंच तो जास्त जड वाटत होता.

आत्या उतरली. हात काळे झाले होते. हात पुसायला तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, पोतं उचलून बघितलं.

"माझं फडकं कुठाय?"

मी अंगणात बघायला लागलो. हणमंतरावांनी खिशातला रुमाल पुढे केला. आत्यानं तो घेतला नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. ती बॉनेटकडे वळली, चाप उचकटले, झाकण उचललं, फिल्टर बाजूला केला, नळीत दोन बोटं घातली आणि फडकं ओढून बाहेर काढलं. ते तिनं आम्हाला सगळ्यांना धरून दाखवलं. मग त्यालाच हात पुसले.

ह्या खेपेला गाडी एका झटक्यात चालू झाली. आत्यानं पाय दाबला. मागनं काळा धूर नाही, हुंकार नाही. इंजिन असं मोकळं बोललं की कुंपणावरच्या कोंबड्या खाली उड्या मारून पळाल्या. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली. हणमंतरावांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"आक्का," ते म्हणाले, "आता तर गाडी न्हेनारच मी."

"आता कशी न्ह्याल?" आत्या म्हणाली. "बरं झालेलं जनावर कोण ईकतं का?"

हणमंतरावांनी सतीशकडे बघितलं. सतीशनं आईकडे बघितलं. मग हातातल्या कागदांची घडी करून ते खिशात ठेवले आणि म्हणाला, "मग हे परत कसे जाणार? हे तर एसटीनं आलेत."

"मी सोडती की," आत्या म्हणाली. "बसा समद्यांनी."

पाहुणे म्हणून हणमंतराव पुढे, आम्ही दोघं भाऊ मागे. बारामती ओलांडून गाडी इंदापूर रस्त्याला लागली. एका लांबलचक चढावर समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर दिसला. तोच होता असं मी म्हणणार नाही. पण गाणी लावलेली होती. आत्यानं पदर खोचला, मागचं बघितलं, पुढचं बघितलं, हॉर्न दिला आणि गिअर बदलला. गाडी सुळकन पुढे गेली. ट्रॅक्टर मागे पडला, त्याची गाणी मागे पडली. आत्यानं मागे वळून हात केला नाही. आरशात मला तिचं तोंड दिसत होतं. ओठ घट्ट मिटलेले आणि डोळे हसत होते.

"लय झ्याक ओढती हो," हणमंतराव म्हणाले. त्यात दुःखही होतं आणि कौतुकही.

निमगावला त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना डाळिंबांची पिशवी गाडीत ठेवली. आत्या त्यांच्या ओसरीवरच्या बंद रेडिओकडे दोनदा बघून आली होती, पण ऊन कलत आलं होतं म्हणून मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. गाडी विकायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

परतताना सतीश पुढे बसला होता. बारामती मागे टाकून आम्ही पणदऱ्याच्या रस्त्याला लागलो. एका फाट्यावर एसटीच्या थांब्याच्या कट्ट्यावर एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन बसली होती. आमची गाडी लांबून दिसताच ती उठली. तिनं हात केला नाही. नुसती उठली आणि गाठोडं उचललं.

आत्यानं गाडी थांबवली. त्या बाईनं सवयीनं पुढचं दार उघडलं, तर आत सतीश.

"अगं बया," ती म्हणाली. "पावनं हायत व्हय. जा मग, मी येती एसटीनं."

"पावना कुठला, माझा सतीश हाय," आत्या म्हणाली. "थांब की गंजरा."

"व्हय का? लय दिस गाडी दिसली न्हाय, आक्का. मला वाटलं, लेकानं पुण्याला न्हेलं तुमास्नी. आमी समद्या जणी रोज ह्या कट्ट्यावर बसून वाट बघतूय. ती पारूबाई तर येती एसटी सोडून बसली हुती परवा."

सतीश आईकडे बघत राहिला. आई काचेतनं रस्त्याकडे बघत होती. मग तो उतरला, गंजराबाईचं गाठोडं घेऊन मागे ठेवलं, तिला पुढे बसवलं आणि स्वतः माझ्याशेजारी येऊन बसला.

गाडी सुरू झाली. आत्यानं विचारलं, "जेवलीस का?" गंजराबाईनं काय खाल्लं ते सांगितलं. मग सुनेचं, मग शेळीचं, मग गुडघ्याचं. आत्या स्क्रू, चाप, फिल्टर ह्यातलं एक अक्षर बोलली नाही. सकाळपासून केवढं घडलं होतं, पण तेही तिनं सांगितलं नाही. ती नुसती विचारत होती आणि ऐकत होती. कुठं "व्हय का", कुठं "मग गं". तिचा असा आवाज मी आमच्या घरी कधी ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की सायकलवाले आम्हाला मागे टाकून चाललेत. सतीशच्याही लक्षात आलं. तो पुढे वाकला.

"आई, गाडी परत ओढत नाही का?"

मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पुढच्या दोघींकडे. इंजिन अगदी निवांत चाललं होतं. आत्याचा पाय पॅडलवर नुसता टेकलेला होता.

"काय म्हणलास?" आत्यानं विचारलं.

"काही नाही," सतीश म्हणाला. "सावकाश चालव. घाई नाही."

"बरं," आत्या म्हणाली, आणि गंजराबाईकडे वळली. "हां, मग शेळी काय म्हणती?"